अंतराची पाटी आणि वेगाचा काटा

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार दर सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे सरकते, आणि हमरस्त्याच्या कडेची पाटी वाचता येण्याजोगी जवळ आल्यापासून ती मागे पडेपर्यंत चालकाच्या हाती मोजके काही सेकंदच उरतात. तेवढ्या अवधीत त्याला गावाचे नाव वाचावयाचे असते, त्यापुढील आकडा टिपावयाचा असतो, आणि त्या आकड्यावरून पेट्रोल पुरेल की नाही, दिवेलागणीपूर्वी मुक्काम गाठता येईल की नाही, पुढच्या फाट्यासाठी डावी बाजू आताच धरावी की थोडे थांबावे, अशा कित्येक प्रश्नांचा निकालही लावावयाचा असतो. ग्रंथातील आकड्याला तळटीप देता येते, खतावणीतील आकड्यापुढे शेरा लिहिता येतो; पाटीवरील आकड्याला यांपैकी कोणतीच सोय नाही. तो कोणत्या मापात आहे हे वाचणाऱ्यास आधीपासून ठाऊक असले पाहिजे, आणि त्याच्या समोरील वेगदर्शकाचा काटाही त्याच मापावर फिरत असला पाहिजे. हमरस्त्यावर मैल असावा की किलोमीटर, हा प्रश्न वरवर पाहता शाळेतील त्रैराशिकाचा वाटतो. परंतु ज्या ज्या देशांनी गेल्या शतकात तो हाती घेतला, त्यांच्या अनुभवावरून असे दिसते की त्रैराशिक हा त्यातील सर्वांत सोपा भाग होता.

आपल्या देशात रस्त्यावर अंतर दाखविण्याची प्रथा मैलाहून पुष्कळच जुनी आहे. मोगल अमलात आग्रा-लाहोर मार्गासारख्या शाही रस्त्यांवर कोसाकोसाच्या अंतराने मनोरे उभारलेले होते, आणि त्यांतील काही उत्तर हिंदुस्थानात आजही शाबूत आहेत. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त कोसाची लांबी ५,००० गज अशी नोंदविली आहे, पण तो गज कोणता हा प्रश्न उरतोच, कारण प्रांतोप्रांती गज निराळा आणि म्हणून कोसही निराळा. महाराष्ट्रात कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल असे धरले जाई. पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्यास एवढी अचूकता पुरेशी होती. त्याला अंतराच्या अपूर्णांकापेक्षा पाणवठा कोठे आहे आणि धर्मशाळा कोणत्या गावी आहे याची चिंता अधिक असे. इंग्रजी मैलालाही एकरूपता जन्मतः लाभलेली नव्हती. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत १५९३ साली झालेल्या कायद्याने त्याची लांबी ८ फर्लांग, म्हणजे ५,२८० फूट, अशी मुक्रर झाली. तरीही शेजारच्या आयर्लंडात २,२४० यार्डांचा स्वतंत्र मैल त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिला. हाच कायदेशीर इंग्रजी मैल कंपनी सरकारबरोबर इकडे आला. मुंबईत सेंट थॉमस कॅथीड्रल हे शून्यस्थान कल्पून काळ्या दगडाचे जे मैलदगड बसविण्यात आले, त्यांवर रोमन अंक कोरलेले आहेत. आणि नागपूरच्या ‘झिरो माइल’ स्तंभापाशी असलेल्या शिळेवर जबलपूर, हैदराबाद वगैरे शहरांची अंतरे मैलांतच खोदलेली आहेत.

मोटारीचा प्रसार होऊ लागल्यावर रस्त्यांचा प्रश्न जिल्ह्याजिल्ह्याच्या लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेला, आणि १९२७ साली सरकारने बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेल्या जयकरांचे नाव रस्तेबांधणीच्या इतिहासातही अग्रभागी आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पेट्रोलवरील जादा करातून रस्त्यांसाठी मध्यवर्ती निधी उभारावा आणि अभियंत्यांची एक विचारविनिमय करणारी संस्था असावी, या त्यांच्या समितीच्या शिफारशींमधून अनुक्रमे १९२९ चा रस्ते निधी आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस निर्माण झाली. पुढे रस्त्याच्या कडेच्या दगडाचा आकार, त्याचा रंग आणि त्यावरील अक्षरांचे माप हेदेखील हीच संस्था ठरवू लागली. १९४३ साली नागपुरास भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने आखलेली वीस वर्षांची योजना अर्थातच मैलांच्या काळातील होती. तिचे लक्ष्य आजच्या पाठ्यपुस्तकांत दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ते असे सांगितले जाते; तेच मैलांत मांडले तर दर १०० चौरस मैलांमागे सुमारे २६ मैल असे होते. प्रदेश तोच, रस्ते तेच, आणि आकडा मात्र २६ चा १६ झाला. यावरून हे ध्यानी यावे की माप बदलले म्हणजे केवळ लांबीच्या संख्या बदलून भागत नाही. त्यांच्या आधारे काढलेली प्रमाणे, दर मैली होणाऱ्या खर्चाचे अंदाज आणि मक्त्याचे दर, हे सारेच नव्याने मांडावे लागते.

दशमान पद्धतीचा विचार आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच सुचला असे नाही. शेर हा किलोग्रॅमइतका मानावा असा कायदा १८७१ सालीच संमत झाला होता, पण तो दप्तरातच राहिला. पुढे बंगालमध्ये फणींद्रनाथ सेठ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ‘इंडियन डेसिमल सोसायटी’च्या द्वारे अनेक वर्षे या सुधारणेचा पाठपुरावा केला, आणि अखेरीस १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी एका झटक्यात न करता क्रमाक्रमाने करण्यात आली. प्रथम १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले, मग १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली, आणि १९६० च्या दशकात रस्त्यांवरील मैलांची जागा किलोमीटरने घेतली. या तिन्ही बदलांत रस्त्याचा बदल एका दृष्टीने सर्वांत अवघड होता. वाण्याच्या तागडीतील शेर काढून तेथे किलो ठेवता येतो, आणि दुकान जागच्या जागी राहते. रस्त्यावरील दगडाला मात्र स्वतःची जागाच सोडावी लागते, कारण जेथे मैल पूर्ण होतो तेथे किलोमीटर पूर्ण होत नाही. मैल १.६०९ किलोमीटरचा असल्यामुळे १०० मैलांच्या रस्त्याला १६१ किलोमीटर दगड लागतात, आणि जुन्या दगडांपैकी फारच थोडे नव्या दगडांच्या आसपास पडतात. पाचव्या मैलाचा दगड आठव्या किलोमीटरच्या पुढे ४७ मीटरांवर येतो, आणि पुढील प्रत्येक पाच मैलांमागे हे अंतर तितकेच वाढत जाते. म्हणून जुन्या दगडावर नवा आकडा रंगवून काम भागण्यासारखे नव्हते. साखळी घेऊन सारा रस्ता पुन्हा मोजणे भाग होते.

या पुनर्मोजणीत एक योगायोग मात्र अभियंत्यांच्या उपयोगी पडण्यासारखा होता. मैलामैलांच्या दरम्यान फर्लांगाचे लहान दगड असत, आणि फर्लांगाची लांबी २०१.१६८ मीटर भरते. नव्या पद्धतीत किलोमीटरच्या दरम्यान दर २०० मीटरांवर दगड बसविण्याचे ठरले. म्हणजे जुन्या आणि नव्या पायरीत फरक पडला तो जेमतेम सव्वा मीटरचा. मैलाचे आठ भाग होत असत, तेथे किलोमीटरचे पाच झाले, आणि मधल्या दगडांवर २, ४, ६, ८ असे अंक आले. दर पाचव्या किलोमीटरचा दगड इतरांपेक्षा मोठा करून त्यावर पुढील गावांची नावे अधिक तपशिलाने देण्याची पद्धत ठरली. राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचा माथा पिवळा आणि राज्यमार्गावरील हिरवा, ही खूणही आता सर्वपरिचित झाली आहे. चालकाच्या दृष्टीने हा दगड म्हणजे ‘अजून किती’ या प्रश्नाचे उत्तर. परंतु बांधकाम खात्याच्या दृष्टीने तो त्याहून पुष्कळ अधिक असतो. ‘कि.मी. ४२/६००’ असे लिहिले की बेचाळिसाव्या किलोमीटरच्या पुढे ६०० मीटरांवरील एक निश्चित बिंदू समजावा, असा त्या खात्याचा संकेत आहे. आणि मोरी कोठे खचली, डांबरीकरणाचा मक्ता कोठून कोठपर्यंत आहे, भूसंपादनाची हद्द कोठे संपते, अपघाताचा पंचनामा कोणत्या जागेचा आहे, या सर्वांची नोंद त्याच भाषेत होते. सारांश, रस्त्याला दगड बसविणे म्हणजे माळरानातून जाणाऱ्या एका निनावी रेषेला ठिकठिकाणी पत्ता देणे होय. आणि माप बदलणे म्हणजे हे सगळे पत्ते एकदम बदलणे होय.

असे असल्यामुळे या बदलाच्या दोन रीती संभवतात. पहिली म्हणजे जुन्या आकड्याचे काटेकोर रूपांतर करून तेच लिहावयाचे. दुसरी म्हणजे रूपांतराच्या निमित्ताने मूळ संख्याच सोयीस्कर पूर्णांकात नव्याने ठरवावयाची. पहिल्या रीतीने ताशी ६० मैलांची वेगमर्यादा ताशी ९६.५६ किलोमीटर होईल, आणि असा आकडा पाटीवर लिहिणे हास्यास्पद ठरेल हे उघड आहे. ऑस्ट्रेलियाने १९७० साली मेट्रिक रूपांतराचा कायदा केला आणि १९७४ च्या जुलै महिन्यात देशभरच्या रस्त्यांवरील पाट्या बदलल्या, तेव्हा तेथे ताशी ३५ मैलांचे ६० किलोमीटर आणि ६० मैलांचे १०० किलोमीटर करण्यात आले. नवा आकडा जुन्याशी तुल्य असण्यापेक्षा वाचण्यास आणि लक्षात ठेवण्यास सोपा असावा, हे धोरण त्यामागे होते. शिवाय ‘६०’ ही पाटी मैलांची की किलोमीटरची, असा संभ्रम प्राणघातक ठरू शकतो, म्हणून तेथील नव्या वेगमर्यादा लाल वर्तुळात लिहिण्यात आल्या, जेणेकरून दिसताक्षणीच पाटी नव्या पद्धतीची आहे हे कळावे. कॅनडाने हाच प्रयोग १९७७ च्या सप्टेंबरात केला. दोन्ही देशांनी लोकांची मने हळूहळू वळावीत म्हणून वर्षानुवर्षे दुहेरी पाट्या ठेवण्याचा मार्ग पत्करला नाही. पूर्वतयारी आणि प्रसिद्धी दीर्घकाळ चालविली, पण प्रत्यक्ष बदल शक्य तितक्या थोड्या दिवसांत उरकला.

याच्या उलट अनुभव आयर्लंडाचा. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्याने लागणाऱ्या दिशादर्शक पाट्यांवर अंतरे किलोमीटरमध्ये येऊ लागली, परंतु वेगमर्यादा मात्र मैलांतच राहिल्या, आणि मोटारींचे वेगदर्शकही मैलांचेच राहिले. परिणामी सुमारे पाव शतकभर आयरिश चालक अंतर एका मापात वाचीत आणि वेग दुसऱ्या मापात पाळीत असे. त्यातही जुन्या पाट्यांवर मैल शिल्लक असल्यामुळे एखाद्या गावचे अंतर पुढे गेल्यावर कमी होण्याऐवजी वाढल्याचा भास होणे अशक्य नव्हते. ही विसंगती २० जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आली. त्या दिवशी वेगमर्यादाही किलोमीटरमध्ये गेल्या. मोटारमार्गावरील ७० मैलांचे १२० किलोमीटर आणि वस्तीतील ३० मैलांचे ५० किलोमीटर झाले. यात लक्षणीय गोष्ट अशी की प्रादेशिक आणि स्थानिक अरुंद रस्त्यांवर पूर्वी ६० मैलांची जी मुभा होती, ती जवळपास १०० किलोमीटर न करता ८० किलोमीटरवर आणण्यात आली, म्हणजे सुमारे ५० मैलांपर्यंत उतरविण्यात आली. मापाच्या बदलाचे निमित्त साधून सरकारने एका जुन्या, अतिउदार मर्यादेचा फेरविचार केला. प्रत्येक नव्या पाटीवर आकड्याखाली ताशी किलोमीटरची खूण लिहिण्यात आली; उत्तर आयर्लंडाच्या सरहद्दीपलीकडे आजही मैल चालू असल्यामुळे ही दक्षता अनाठायी नाही.

सरहद्दीपलीकडील त्या राज्याचा, म्हणजे ब्रिटनचा, इतिहास अर्धवट राहिलेल्या सुधारणेचा आहे. तेथील रस्त्यांवर १९७३ साली किलोमीटर आणण्याचा बेत होता. परंतु १९७० च्या डिसेंबरात परिवहनमंत्री जॉन पेटन यांनी तो लांबणीवर टाकला, आणि लांबणीवर पडलेली ती तारीख पुन्हा कधीच ठरली नाही. आज तेथे पेट्रोल लिटरने विकले जाते, पण रस्त्यावर मैल आणि यार्ड आहेत. मोटारमार्गाच्या कडेला दर १०० मीटरांवर लहान खांब असतात, आणि दुरुस्तीच्या किंवा अपघाताच्या वेळी उपयोगी पडणारे त्यांवरील क्रमांक किलोमीटरचे असतात. म्हणजे एकाच रस्त्याच्या मोठ्या पाट्या प्रवाशाशी मैलांत आणि खांब यंत्रणेशी किलोमीटरमध्ये व्यवहार करतात. मैलासाठी तेथील पाट्यांवर जे एकाक्षरी चिन्ह वापरले जाते, तेच जगभर मीटरचे चिन्ह आहे. या दुटप्पीपणाची किंमत पुलांना मोजावी लागते. युरोपातून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकास तिची उंची मीटरमध्ये ठाऊक असते, आणि कमी उंचीच्या पुलावरील फूट-इंचांचा आकडा त्याला क्षणात उमगत नाही; म्हणून २०१५ पासून उंची आणि रुंदीची मर्यादा सांगणाऱ्या नव्या पाट्यांवर दोन्ही मापे देणे सक्तीचे करण्यात आले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र अमेरिकेतील आहे. तेथे १९७५ साली मेट्रिक रूपांतराचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक होता. आणि १९७७ साली संघीय महामार्ग प्रशासनाने रस्त्यांवरील पाट्या बदलण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा लोकांकडून आलेल्या हजारो हरकती पाहून तो मागे घेण्यात आला. तथापि १९८० च्या सुमारास, ही सुधारणा येऊ घातली आहे या अपेक्षेने, ॲरिझोना राज्यात टूसॉनपासून मेक्सिकोच्या सरहद्दीवरील नोगालेसपर्यंत जाणाऱ्या सुमारे १०२ किलोमीटरच्या १९ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर प्रयोगादाखल किलोमीटरच्या पाट्या बसविल्या गेल्या. सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत मेट्रिक पद्धतच असल्यामुळे ही निवड सयुक्तिक होती. पण वेगमर्यादा मैलांतच राहिली. देशाने पुढे पाऊल टाकले नाही आणि हा एकुलता रस्ता तसाच मागे उरला. २००९ साली मंदीनिवारणाच्या सरकारी निधीतून येथील जीर्ण पाट्या काढून मैलांच्या पाट्या लावण्याचा विचार पुढे आला, तेव्हा विरोध झाला तो त्याच रस्त्यावरच्या व्यावसायिकांकडून. त्या महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या फाट्यांचे क्रमांक किलोमीटरवरून दिलेले होते; उपाहारगृहांनी, विश्रामगृहांनी आणि दुकानदारांनी आपल्या जाहिरातींत आणि पत्त्यांत ते क्रमांक छापले होते, आणि मैल आले की ते सारे निरर्थक होणार होते. तीस वर्षांपूर्वी मैलांच्या प्रेमाने किलोमीटरला नकार देणाऱ्या देशातील लोक आता किलोमीटर काढू नयेत म्हणून आग्रह धरू लागले! माणसाची आसक्ती मैलावर किंवा किलोमीटरवर नसून रुळलेल्या आकड्यावर असते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

या सर्व वृत्तान्तावरून मेट्रिक पद्धतीची थोरवी कशात आहे याचा नीट उलगडा होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार मिनिटाला एक किलोमीटर जाते. म्हणून ‘सातारा ४५’ अशी पाटी दिसली की त्या वेगाने पाऊण तास लागेल, हे चालकाला कागद-पेन्सिलीवाचून समजते. यात किलोमीटरची काही विशेष करामत नाही. ताशी ६० मैल जाणाऱ्याला मैलांच्या पाटीवरून हीच सोय तितकीच मिळते. सोय नाहीशी होते ती पाटी आणि काटा यांची मापे भिन्न झाली म्हणजे. आयर्लंडात ती पाव शतक नाहीशी झाली होती, आणि ॲरिझोनातील त्या रस्त्यावर आजही चालकाला अंतर आणि वेग यांची सांगड घालताना मनातल्या मनात गुणाकार करावा लागतो. मेट्रिकचा खरा लाभ याच्याही पुढचा आहे. फाट्याची पूर्वसूचना २ किलोमीटर, १ किलोमीटर आणि ५०० मीटर अशा पाट्यांनी देता येते, आणि त्यांत अर्धा, पाव किंवा दोन-तृतीयांश यांसारखा अपूर्णांक येत नाही. पुलाखालील उंची मीटरमध्ये, दगडांमधील अंतर मीटरमध्ये, आणि नकाशाचे प्रमाणही त्याच मापात असल्यामुळे अभियंता, पोलीस, मालमोटारचालक आणि प्रवासी हे चौघेही रूपांतरावाचून परस्परांशी बोलू शकतात. एककाची निवड ही यातील दुय्यम बाब. त्या निवडीला सर्व ठिकाणी सारखेच चिकटून राहणे ही मुख्य बाब.

या कसोटीवर आपला देश बहुतांशी उतरला आहे, आणि त्याचे श्रेय साठ वर्षांपूर्वी रस्ते पुन्हा मोजणाऱ्या त्या पिढीला दिले पाहिजे. परंतु एकवाक्यता ही एकदा मिळवून पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हे. गावाला वळसा घालणारा नवा रस्ता झाला की मूळ लांबी बदलते, आणि त्यापुढील प्रत्येक दगडाचा आकडा खोटा ठरू लागतो. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने देण्यात आले, तेव्हा मुंबई-पुणे-बंगळूर हा सर्वांना ठाऊक असलेला ४ क्रमांकाचा मार्ग ४८ क्रमांकाचा भाग झाला, आणि अशा फेरबदलाबरोबर अंतराची सुरुवात कोठून मोजावी हाही प्रश्न निघाला. रस्ता रुंद करताना उखडलेला दगड पुन्हा बसविला गेला नाही, तर महामार्गावरील मदतीसाठी १०३३ या क्रमांकावर दूरध्वनी करणाऱ्या अपघातग्रस्ताला आपण कोठे आहोत हे सांगण्यास आधार उरत नाही. कोणते माप वापरावे हे १९५६ च्या कायद्याने एकदाच ठरवून टाकले. ते माप जमिनीवर खरे ठेवण्याचे काम मात्र प्रत्येक नव्या वळणरस्त्याबरोबर पुन्हा करावे लागते, आणि त्यासाठी कोट्यवधींच्या अंदाजपत्रकात दगड आणि पाट्या यांचाही एक रकाना आठवणीने राखावा लागतो.